चौपदरी वायरी

जालिंदरच्या जीपमध्ये बसायचं तर आधी चपला झटकाव्या लागत. जीप महिला दूध संस्थेची, जुनी, पेट्रोलवर चालणारी. मागच्या सीटा काढून तिथं दुधाचे कॅन मांडलेले. पण आतून ती अशी लख्ख, की संस्थेच्या चेअरमन तुळजाबाई म्हणायच्या, "माझ्या चुलीपुढं एवढं सारवण नसतं." समोरच्या काचेजवळचा बाबासाहेबांचा फोटो रोज पुसलेला, पान्यांची पिशवी गुंडाळून बांधलेली, आणि जालिंदरचा भांग पट्टी लावून पाडल्यासारखा.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. दिंद्रुडकडच्या माळावर गुरांची छावणी लागली होती. बाया छावणीतच धारा काढत आणि जालिंदर ते दूध घाट चढून धारूरच्या शीतकरण केंद्रावर नेई. शेतात काडी उगवत नव्हती. घरात तेल-मीठ यायचं ते या दुधावर.

आणि नेमकी जीप घाटात आचके द्यायला लागली. सपाटीला राणीसारखी चालायची. चढ लागला की फट्‌, फट्‌फट्‌. जुनाट खोकल्याची उबळ यावी तशी. तिसऱ्या गिअरचा दुसरा, दुसऱ्याचा पहिला, आणि मग वळणावर बसकणच. ओली पोती पांघरूनही कॅन तापायचे. दूध केंद्रावरून परत यायला लागलं. शेवटी केंद्रावरचे साहेब तुळजाबाईंना म्हणाले, "बाई, आता पुन्हा दूध फाटलं तर छावणीचं दूध बंद."

संस्थेत कुजबुज सुरू झाली. जीप भंगारात घाला, धर्मराजचा टेम्पो लावा. धर्मराज स्वतःच टेम्पो हाकायचा. त्यात जालिंदरला जागा नव्हती.

हे दुखणं लागलं ते प्लगच्या वायरी बदलल्यापासून. जुन्या वायरींना तडे गेले म्हणून जालिंदरनं बीडहून नव्या आणल्या. त्या भरल्या लांब. कापायच्या कावून? एखादं टोक जळालं तर उपयोगी पडतील. पण बॉनेटखाली चार वायरी लोंबताहेत, हे त्याला बघवेना. वडिलांनी त्याला गोफणीची चौपदरी वीण शिकवली होती. त्यानं चारही वायरी त्या विणीत घट्ट गुंफून टाकल्या आणि चार टोकं चार प्लगांवर नेमकी बसवली. मग बॉनेट उघडंच ठेवून तो जरा वेळ बघत उभा राहिला.

गहिनीनाथ मिस्त्रीनंही ती वीण बघितली आणि खूश झाला. "वेणी झकास घातली बे! गजरा तेवढा राह्यला."

"मिस्त्री, मस्करी नंतर. आधी रोग सांगा."

गहिनीनाथनं प्लग काढून घासले. कार्बोरेटर उघडून फुंकला. वायरींचा क्रम तपासला. मग इंजिन चालू ठेवून एकेका प्लगवरची वायर उचलून बघितली. कुठलीही उचलली की इंजिन लंगडायचं, परत लावली की सुरळीत.

"चारी बी काम करायलेत," तो हात पुसत म्हणाला. "जीपला काय झालं न्हाई."

"मग घाटात?"

"मग घाटाला सांग, सपाट हो म्हणावं."

दुसऱ्या दिवशी तुळजाबाई स्वतः जीपमध्ये बसल्या. सीटचे स्प्रिंग टोचतात म्हणून खाली गोधडी घेतली. "दूध परत आलं तर बाया मला छावणीत पाय ठेवू देणार न्हाईत," त्या म्हणाल्या. "तवा माझ्यादेखत काय ते होऊ दे."

घाटाच्या पहिल्याच वळणावर व्हायचं ते झालं. फट्‌फट्‌. जालिंदरनं जीप कडेला घेतली. ऊन कॅनवर चढत होतं.

तो स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसला. उभ्या जीपला काही होत नाही, ओझं ओढताना होतं. मिस्त्रीनं तपासली ती उभी. मग इथंच, उभ्या उभ्या, तिला ओझं ओढायला लावलं तर?

त्यानं चाकांपुढं धोंडे लावले, हँडब्रेक ओढला, बॉनेट उघडलं. "मावशी, ती गोधडी घ्या. बॉनेटवर पांघरा, डोकं आत घाला आन् बघत ऱ्हा. पंख्यापासून लांब."

"मला इंजिनातलं काय कळतंय रे बाबा?"

"कळायचं न्हाई, दिसलं तर सांगायचं."

डोक्यावर गोधडी घेऊन चेअरमनबाई बॉनेटमध्ये वाकल्या. खाली जाणाऱ्या एका सायकलवाल्यानं वळून वळून बघितलं. जालिंदरनं गिअर टाकला, रेस वाढवली आणि क्लच अर्धा सोडला. जीप धोंड्याला टेकून थरथरायला लागली. फट्‌फट्‌.

"काय दिसतंय?"

"अंधार!"

त्यानं आणखी रेस दिली.

"अगं बया!" गोधडीतून आवाज आला. "काजवे! जालिंदर, काजवे हायेत!"

"कुठं?"

"तुझ्या वेणीत की!"

जालिंदरनं इंजिन बंद केलं. जोर कमी असला की ठिणगी मुकाट आपल्या वायरीनं जाते. चढावर तिला जोर लागतो आणि मग ती जवळची वाट शोधते. इथं शेजारची वायर अंगाला अंग लावून होती. एका प्लगची ठिणगी दुसऱ्याच्या वायरीत उडी घेत होती. ही जवळची वाट त्यानंच विणून दिली होती.

"सोड की मग," तुळजाबाई म्हणाल्या.

"सोडायलोय, मावशी."

पण वीण उकलायला तयार नव्हती; ती पक्की होती, त्यात कसूर नव्हतीच. नखं दुखली. एकेक वायर मोकळी झाली तशी त्यानं बाभळीच्या वाळक्या काड्या मोडून वायरींमध्ये घातल्या आणि एकीला दुसरीपासून लांब केलं. झाकण्याआधी त्यानं आत एकदा बघितलं. कावळ्याचं घरटं. त्यानं बॉनेट लावून टाकलं.

जीप निघाली. ज्या वळणावर बसकण मारायची ते वळण कधी मागं गेलं ते तुळजाबाईंना कळलंही नाही. त्या एका हातानं कॅन आणि एका हातानं डोक्यावरचा पदर धरून बसल्या होत्या.

केंद्राच्या दारात धर्मराज टेम्पोला टेकून उभाच. "काय चेअरमनबाई, उद्यापासून लावू का टेम्पो?"

"दम धरा, आधी दुधाला विचारू."

साहेबांनी कॅन ढवळला, नळीत दूध घेतलं आणि दिव्यावर धरलं. बुडबुडे आले, दूध वर चढलं. त्यांनी नळी तिरकी करून काचेवर फाटल्याचे कण दिसतात का ते बघितलं. दुसऱ्या कॅनचं दूध घेतलं. तिसऱ्याचं.

"ओता," ते म्हणाले.

तुळजाबाई धर्मराजकडे वळल्या. "दूध न्हाई म्हणतंय हो!"

धर्मराजला हसू आलं. त्यानं कॅन उतरवायला हात लावला आणि जालिंदरला विचारलं, "काय बिघडलं होतं बे एवढं? मिस्त्रीला बी सापडंना."

जालिंदरनं कॅन खाली टेकवला.

"बिघडलं काय नव्हतं," तो म्हणाला. "मी लई नीट केलं होतं."