केनमार्क

अर्जात 'केनमार्क' असे लिहिले आणि लगेच खोडले. आपल्या शब्दप्रेमी मंडळातल्या मित्रहो, माणूस ज्या एकाच खुणेने ओळखू यावा, तिच्यासाठी इंग्रजीत पूर्वी हा शब्द होता. आता तो कोणी वापरत नाही. मुंबईच्या फौजदाराला तो कळणार नाही.

समोर नरसम्मा बसली होती. तिचा नवरा इथे भवानी पेठेत सूत रंगवायचा. तीन महिन्यांपूर्वी काम सुटले, म्हणून तो मुंबईला गेला. तेव्हापासून त्याचा पत्ता नाही. पोलिसांना अर्ज लिहून द्या, असे म्हणत ती परवा दुपारी आली.

"अंगावर काही खूण?" मी विचारले.

"हात लिवा की, मास्तर. कोपरापतोर निळे हायत."

"रंगाऱ्यांचे सगळ्यांचेच असतात."

"व्हय, पण ह्यांचे लई निळे. मी म्हणायची, भात बी निळा झाला बगा."

ती हसली, मीही हसलो. मग विचारू नये ते विचारले, "काम सुटल्यावर रंग किती दिवस टिकतो?"

"म्हैनाभर," ती म्हणाली, आणि तिने पदर तोंडाला लावला.

तीळ, व्रण, गोंदण काहीच नव्हते. उंची मध्यम, वर्ण सावळा. मुंबईत असे किती असतील? तुमच्या घरच्या माणसाची खूण तुम्हाला तरी सांगता येईल का?

ता. क. दुसऱ्या दिवशी सकाळी नरसम्माने अर्ज स्वतः टपालपेटीत टाकला. खुणेच्या ओळीत मी 'काही नाही' असे लिहिले आहे.