ताईचं ‘छान’

नाशिकच्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत मी गेली वीसेक वर्षं सिनेमांवर लिहितो. नोकरी विम्याच्या कचेरीत होती. ती संपली, लिहिणं राहिलं. माझ्याबद्दल वाचकांचं एक मत पक्कं आहे, की ह्या माणसाला सगळंच आवडतं. आमचे संपादक एकदा वैतागून म्हणाले होते, “अहो, वर्षातून एखादा तरी झोडा की!” मी प्रयत्न केला होता. दोन परिच्छेद झोडलं आणि तिसऱ्यात त्या सिनेमातल्या म्हाताऱ्या पोस्टमनचं कौतुक सुरू झालं.

पण मला खरंच आवडतं, त्याला मी काय करू? भुताच्या सिनेमातलं भूत हसू येण्यासारखं असतं, पण विहिरीवरच्या रहाटाचा आवाज कोणीतरी मन लावून पकडलेला असतो. लग्नघरातल्या गोंधळावरच्या विनोदी सिनेमात सगळे नुसते किंचाळत असतात, पण मागे एक आचारी पुऱ्या तळत असतो आणि त्या नटाला पुरी तेलात कशी सोडायची ते ठाऊक असतं. युद्धाचा असो, कोर्टातला असो, देवादिकांचा असो, बोलणाऱ्या प्राण्यांचा असो, मी थिएटरातून बाहेर येताना काहीतरी घेऊन येतोच.

माझ्या मोठ्या बहिणीला ह्यातलं काहीच आवडायचं नाही. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. निफाडच्या शाळेत ती विज्ञान शिकवायची, रोज एसटीने जाऊन-येऊन. लग्न केलं नाही. माझी बायको गेली त्या वर्षी ताई आपलं बिऱ्हाड आवरून माझ्याकडे राहायला आली, आणि तेव्हापासून दर शुक्रवारी सकाळच्या खेळाला आम्ही दोघं जाऊ लागलो. सिनेमा संपला की स्कूटरवर मागे बसून तिची सुरुवात व्हायची. द्वारका चौकातल्या सिग्नलला गाडी थांबली, की आजूबाजूच्या लोकांना फुकटात परीक्षण ऐकायला मिळायचं.

“त्या ट्रकचं वजन किती असेल? आणि हा बाबा तो नुसत्या दोरीने थांबवतो?”

“अगं, पण त्याच्या आईचं काम बघितलंस का?”

“आई बरी होती. पण अशा घरात राहून ती वेडी कशी झाली नाही, हे दाखवायला हवं होतं.”

घरी येऊन मी लिहायला बसलो, की माझ्यासमोर वाचक नसायचा, ताई असायची. तिने जे जे मोडीत काढलेलं असायचं, त्यातलं काय वाचवता येईल ते मी शोधायचो. लोकांना माझं लिहिणं गोड वाटायचं, पण ते खरं तर भांडण होतं. रविवारी ती छापलेलं वाचायची, पेन्सिलीने दोन ठिकाणी खूण करायची आणि “वकिली चांगली केलीस,” एवढंच म्हणायची.

मागच्या वर्षी एका मंगळवारी सकाळी ती गच्चीत कपडे वाळत घालत होती. बादली घरंगळल्याचा आवाज आला म्हणून मी वर गेलो. ताई भिंतीला टेकून बसली होती आणि हातातल्या ओल्या टॉवेलकडे बघत होती. मी विचारलं, “काय झालं गं?” तिने तोंड उघडलं, पण त्यातून शब्द आला नाही.

मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त पोचलं नव्हतं. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एकदम गेलं. पाय थोडा परत आला. पाऊल खाली लोंबू नये म्हणून त्याला प्लास्टिकचा कडक साचा आणि वर पट्टे, असं लावून ती काठीच्या आधाराने चालू लागली. हॉस्पिटलात तीन आठवडे तोंडातून नुसते आवाज यायचे. मग एका सकाळी मी खिमटाचा चमचा तिच्या तोंडाशी नेला आणि ती स्पष्ट म्हणाली, “छान.”

मी तसाच धावत जाऊन नर्सला सांगितलं. मुलाला बंगळुरूला फोन केला. आत्या बोलली! तासाभराने रक्त घ्यायला सुई टोचली, तेव्हा ताई कळवळली आणि म्हणाली, “छान.” डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

वाचा शिकवणाऱ्या बाईंनी मला बाजूला घेऊन समजावलं. “हा शब्द त्यांनी निवडलेला नाही. बोलायला गेलं की तेवढाच बाहेर पडतो. आत त्यांना भलतंच काही म्हणायचं असेल. मान हलवली तरी लगेच खरं धरू नका. हो आणि नाहीचीसुद्धा गल्लत होते.”

“मग मला कळायचं कसं?”

“हळूहळू कळेल,” त्या म्हणाल्या.

जिने उभ्या आयुष्यात चहालासुद्धा कधी छान म्हटलं नाही, तिच्याजवळ हाच एक शब्द उरावा! पाय आखडला, छान. वरण आळणी झालं, छान. मी चित्रांचा एक तक्ता करून आणला: हसरा चेहरा, रडका चेहरा, पाण्याचा पेला, संडास. ताईने तो बराच वेळ न्याहाळला आणि डाव्या हाताने पालथा घातला. पस्तीस वर्षं फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या बाईला मी रडका चेहरा दाखवत होतो. तो तक्ता मी कपाटात ठेवून दिला. तो ठेवून देण्यात मी चुकलो, हे आता कळतं.

दिवसभर ताईजवळ बसायला पेठकडच्या एक मावशी येऊ लागल्या. त्या माझ्याहून शहाण्या. त्या तोंडाकडे बघायच्याच नाहीत. “भाऊ, शबूद सोडा. त्यांच्या डाव्या मुठीकडं बघा. मूठ आवळली का कायतरी खुपतंय समजायचं.”

पाच महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, आता बाहेर न्यायला हरकत नाही. मी पहिला शुक्रवार गाठला. प्रेमकथा होती, आणि ती आमच्याच भागातल्या द्राक्षबागांमध्ये घडत होती. ताईला ओळखीचा मुलूख दिसेल, बरं वाटेल, असा माझा हिशेब. मावशींनी तिला इस्त्रीची साडी नेसवली, साचा चढवला आणि आम्ही रिक्षाने निघालो.

सिनेमात नायिका धो धो पावसात द्राक्षांचे पिकलेले घड तोडत गाणं म्हणत होती. द्राक्षं उतरवतात ती कोरड्या उन्हात, पावसात घड सडतात. आता निफाडला इतकी वर्षं काढलेल्या बाईला हे कसं खपणार? तेवढ्यात तिने माझी बाही ओढली.

“छान,” ती म्हणाली.

मला हसू फुटलं. “कळलं, कळलं. पावसात द्राक्षं. लिहीन मी.”

तिने परत ओढलं, जोरात. “छान. छान. छान!”

मागून कोणीतरी म्हणालं, “आजी, छान आहे ते दिसतंय, बघू द्या ना आम्हाला.” दोन-चार जण हसले. मला राग आला नाही. उलट पाच महिन्यांत पहिल्यांदाच मला हलकं वाटलं. माझी ताई भांडत होती! शब्द गेले, पण मत शाबूत होतं. मी तिचा हात थोपटला आणि म्हणालो, “बस अजून थोडा वेळ. पुढे सुधारेल.” प्रत्येक सिनेमाला मी तिला हेच सांगत आलो होतो.

मध्यंतरात दिवे लागले तेव्हा तिचा चेहरा घामेजला होता. मी विचारलं, “बाथरूमला जायचंय?” तिने मान हलवली, हो की नाही, ते कळलं नाही. मी तिला बायकांच्या बाथरूमपर्यंत धरून नेलं आणि दाराशी अडलो. आत जाता येईना आणि तिला एकटीला सोडता येईना. फरशी पुसणाऱ्या एका बाईंना हात जोडले. त्या तिला आत घेऊन गेल्या आणि लगेच परत आल्या. “नाही हो दादा, त्यांना नव्हतं जायचं.”

“कुठे दुखतंय का?”

“छान.”

“सिनेमा नको वाटतोय? घरी जायचं?”

“छान.” तिने डाव्या हाताने माझ्या छातीवर दोनदा मारलं. आजूबाजूला पॉपकॉर्नची रांग सरकत होती. शेवटी मी माझ्या मनानेच ठरवलं, की आलोच आहोत तर पूर्ण बघू. मी तिला पुन्हा आत नेऊन बसवलं. उत्तरार्धात ती काही बोलली नाही. मला वाटलं, रमली.

घरी मावशींनी पायाचा साचा सोडला आणि त्या एकदम “अगं बाई!” म्हणाल्या. खालचा पट्टा मुडपून त्याचं बक्कल घोट्यात रुतलं होतं. मोजा रक्ताने चिकटला होता. कोमट पाण्याने भिजवून भिजवून तो सोडवला, तेव्हा कातडीही बरोबर आली.

“भाऊ, कवापासनं हाय हे?”

मला माहीत होतं. पावसात द्राक्षं तोडत होते तेव्हापासून. डाव्या मुठीकडे मी एकदाही बघितलं नव्हतं. मावशी म्हणाल्या, “पट्टा मीच बांधला व्हता सकाळी,” आणि पदराने डोळे पुसू लागल्या. आमच्या दोघांचीही ती अवस्था बघून ताईने मावशींच्या डोक्यावरून हात फिरवला. “छान,” ती म्हणाली, अगदी हळू.

संध्याकाळी परीक्षण द्यायचं होतं. मी बसलो आणि लिहिलं. चांगलंच लिहिलं. दुसरं मला येत नाही, आणि खरं सांगायचं तर पूर्वार्ध मला फार आवडला होता. ताई भांडते आहे असं वाटत होतं ना तेव्हा. रविवारी एका वाचकाचा फोन आला, की तुमचं वाचून सहकुटुंब जाऊन आलो, मजा आली. मी आभार मानले.

जखम भरायला दीड महिना लागला. मधल्या काळात मी संपादकांना म्हणालो, आता थांबतो. ते म्हणाले, “का हो? तुमच्याइतकं चांगलं बघणारा माणूस मला कुठे मिळणार?” मी पुढच्या शुक्रवारी एकटाच गेलो.

आता तसंच चाललंय. मी बघून येतो, तिच्या पलंगाशी खुर्ची ओढतो आणि गोष्ट सांगतो. हल्ली मी दोषही शोधून आणतो. हे पटलं नाही, ते उगाच लांबवलं, तो पोलीस एवढ्या लवकर पोचलाच कसा. तिच्या बाजूने मीच बोलतो. जमत नाही. तिच्यासारखं झणझणीत काही सुचत नाही, आणि मग मी आपला वळून परत कौतुकावर येतो.

परवा असंच सांगत असताना तिने डावा हात उचलला आणि माझ्या तोंडावर ठेवला. थांब म्हणत होती? माझ्या वतीने बोलू नकोस म्हणत होती? की नुसती माया होती? मी तिच्या डोळ्यांत बघितलं. मग बोटांकडे बघितलं. काही कळलं नाही. थोड्या वेळाने मावशी चहा घेऊन आल्या, तेव्हा ताईने हात काढून कप धरला.