देशी कापसाचे मेल कुठं पडायचे

कापूस वेचताना कमरेचं फडकं भरत जातं, तसे आमच्या गटाचे किस्से भरलेत. आता गाठ सोडते.

आम्ही संग्रामपूरकडच्या अकरा बाया. बीटीची बोंडं अळीनं पोखरली, म्हणून देशी कापूस लावला. व्यापारी तो बीटीच्याच ढिगात टाकतो, भावही बीटीचाच देतो. थेट हातमागवाल्यांना विकायचा, तर मेल पाठवा. शिंप्याच्या रुबीनानं गटाच्या नावाचं डोमेन घेतलं, म्हणजे मेलवर आमचीच पाटी.

*

पहिल्याच दिवशी गटातली वच्छलाबाई म्हणाली, "आवतन समद्यायले एकाच दिवशी द्या लागते. मांगून दिलं तर लोकं रुसतात."

तीनशे हातमागवाल्यांना एका दुपारी मेल गेले. उत्तर एकाचंही नाही. एकाला फोन केला, तर मेल त्याच्या स्पॅममध्ये, म्हणजे कचऱ्यात.

*

जळगाव जामोदचा कॉम्प्युटरवाला रुबीनाला म्हणाला, "नवं डोमेन, कोणाची ओळख नाही, अन् एका दिवसात तीनशे मेल? चोरच वाटणार."

मेल खरंच आमच्याकडून निघाला, अशी नोंद त्यानं डोमेनला जोडून दिली. एसपीएफ, डीकेआयएम असली तिची नावं.

वच्छलाबाईनं विचारलं, "तलाठ्याचा दाखला काय?"

"हाव, तसंच. पण दाखल्यावर कोणी घरात घेत नाही. रोज दहाच पाठवा, आधी ओळखीच्यायले. त्यायनं उत्तर द्या लागते."

*

पुण्याचा माझा भाचा उत्तरच देईना. फोन लावला.

"मावशी, तुझा मेल स्पॅममध्ये पडला होता. राहू दिला."

"बे, तुले मी न्हाऊ घातलं, अन् मले कचऱ्यात ठेवतो? काढ बाहेर."

काढला. रुबीना म्हणाली, असे चार जणांनी काढले की पुढचे नीट पोचतात. मग मी सगळ्या नात्यालाच फोन लावले.

*

वच्छलाबाईनं मजकूर सांगितला, "लिही, मोफत नमुना, तातडीनं कळवा, संधी सोडू नका."

रुबीनानं सगळं खोडलं. "काकू, चोरं असंच लिहितात."

"मंग आपण काय लिहाचं?"

"देशी कापूस आहे, संग्रामपूर."

*

दीड महिना रोज दहा गेले. हातमागवाल्यांकडून काही येईना. घरात कापूस पिवळा पडायला लागला, तेव्हा नाइलाजानं व्यापाऱ्याला हो म्हटलं. त्याचा टेम्पो अर्धा भरला आणि रुबीना मोबाइल घेऊन पळत आली. इंदूरच्या एका हातमागवाल्या बाईचं उत्तर आठ दिवसांपूर्वीच आलं होतं, आमच्याच स्पॅममध्ये पडून होतं.

"कापूस विकू नका, आम्ही न्यायला येतो. आमचं डोमेन नवं आहे, मेल पोचला तर कळवा."

वच्छलाबाई टेम्पोवर चढून गाठोडी खाली फेकायला लागली.

व्यापारी म्हणाला, "काऊन उतरवून राह्यल्या?"

रुबीना तिथंच उत्तर टाइप करायला बसली. मी तिचा हात धरला.

"मेल राहू दे. तिच्या मेलच्या खाली नंबर आहे, फोन लाव."