दुसऱ्या वाचकाची उत्तरं

१४ डिसेंबर. मेथी निवडता निवडता अर्धी टाकून उठले, हात पुसले आणि लिहायला बसले. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालासुद्धा. तुम्हाला सांगते.

मी इथल्या एका विधी महाविद्यालयात आंतरराष्ट्रीय आर्थिक कायदा शिकवते. देशादेशांतले गुंतवणुकीचे करार बावीस वर्षं एकेक करून वाचत आले होते. सात वर्षांपूर्वी रुक्मिण संशोधनाला आली — माझीच जुनी विद्यार्थिनी, खुलताबादकडची, घरी मेंढरं. तिनं शेकडो करार संगणकात घातले आणि एक तक्ता काढला: कोणता देश परक्या कंपन्यांपुढं कधी, किती नमला. मी वर्गात जे अंदाजानं सांगायचे, ते तिनं दाखवून दिलं.

"मॅडम, तुमची बावीस वर्षं पोरीनं एका पानात बसवली की!" स्टाफरूममध्ये एक सर म्हणाले. सगळे हसले. मीही हसले. पण जळले — सरळच सांगते.

संगणक मोजतो, कलमाचा अर्थ मात्र माणसानंच लावायचा. परकी कंपनी सरकारला थेट लवादापुढं खेचू शकते का — हो की नाही? नमुन्यादाखल काही करार दोघांनी, एकमेकांचं न बघता, वाचायचे. उत्तरं जुळली, तर सगळ्या कामावर विश्वास ठेवायचा. दुसरी वाचक म्हणून तिनं मलाच निवडलं. "मॅडम, लई बारीक बघा. तुमच्याइतकं हे कुणाला कळतंय?"

कळत होतं. तेच तर सांगते आहे. चाळीस करार होते. त्यातल्या पंधरांत 'हो' स्वच्छ दिसत असताना मी 'नाही' लिहिलं. थकले होते? नाही. घाई होती? तीही नाही. समोर चहा होता, पंखा चालू होता, आणि मी एकेक कलम पूर्ण वाचून उलटं लिहीत गेले.

उत्तरं जुळली नाहीत. संशोधन तपासणाऱ्या समितीनं तिचं काम कच्चं ठरवलं. त्यावर मिळणारी परदेशातली शिष्यवृत्ती गेली. शंका कुणावर घेणार — माझ्यावर?

दुसऱ्या दिवशी सकाळी रुक्मिण घरी आली. डोळे सुजलेले. "माझं कुठं चुकलं, तेवढं दावा मॅडम." मी तिला शेजारी बसवलं, तिचे कागद पुढ्यात ओढले, आणि तिची पंधराच्या पंधरा बरोबर उत्तरं तिच्याच हातानं खोडून घेतली.