दिवस बुडाच्या आत

अकोल्याकडच्या आमच्या मालेगावच्या झेरॉक्सच्या दुकानात बाबांच्या मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती हातात पडल्या, अजून गरम. त्या तापल्या कागदाचा वास नाकात शिरला आणि मी बारावीनंतरच्या त्या दुपारी जाऊन बसले.

दुकान हेच. इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी कॉलेजांची पसंती भरायची होती. कॉम्प्युटरवरचा दादा समजावत होता, "नंबर लागनं कठीण ते वर टाक, तुह्या मार्कांत बसते ते मधात, अन् हमखास भेटते ते खाली." मी भराभरा नावं सांगत होते, पुण्याचं सगळ्यात वर. शेजारच्या स्टुलावर बाबा, मोटार वायंडिंगच्या वार्निशनं चिकटलेली बोटं रुमालाला पुसत बसलेले. प्रत्येक कॉलेजाला त्यांचं एकच, "तिथून दिवस बुडाच्या आत घरी येता येते काय?"

दादा हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बाबा, कट-ऑफ पाहा नं, बस कायले पाह्यता?"

बाबांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाले, "पुण्याचंच वर ठेव माय. अकोल्याचं राहू दे खाली."

पहिल्याच फेरीत पुणं लागलं. गल्लीभर पेढे त्यांनीच वाटले. पुढे नोकरीही तिथंच मिळाली.

गेल्या महिन्यात सकाळी फोन आला तशी मी पुण्याहून निघाले. दिवस मावळल्यावर आमच्याकडे अग्नी देत नाहीत. मेहकरच्या अलीकडे, घर अजून दीड तासावर असताना, सूर्य खाली टेकला आणि धाकट्या भावाचा फोन आला.

"ताई, आता थांबता येत नाई."