सईचं बोट बरोबर होतं

मित्रांनो, आज सकाळी साडेअकराला पहिलीतल्या एका पोरीनं बोर्डावरचं बोट मागं घेतलं, आणि माझं सगळं तिथंच बिघडलं.

कॉलेज अर्ध्यावर सोडल्यापासून मी शाळांत डिजिटल बोर्ड बसवतो. आज कोरेगावची शाळा होती. तिथं मीनल शिकवते. कॉलेजात आम्ही एकाच वर्गात होतो. मी अजून तिच्यापायी झुरतोय. तिच्याशी बोलायच्या नादात माझं शेवटचं काम राहिलं: बोर्डावरच्या ठिपक्यांना एकेक करून बोट लावायचं, म्हणजे रेघ बोटाखालीच उमटते.

ती पोर म्हणजे सई, वर्गात कधी तोंड उघडत नाही. मीनलनं महिनाभर गोंजारून आज तिला पुढं आणलं. सईनं बोटानं 'स' काढला, तो उमटला बोटापासून वीतभर लांब. वर्ग खदाखदा हसला.

"बोर्ड बिघडलाय का रे?" मीनलनं विचारलं.

तिच्यासमोर चूक कबूल करायची? माझं डोकंच फिरलं.

"बोर्ड चांगला हाय! ए पोरी, बोट नीट टेकव की!" मी सईवर ओरडलो. तिनं झटकन बोट मागं घेतलं.

मग गुपचूप ठिपके जुळवले. मीनल बघत होती.

"सई, ये बाळा, आता येईल."

सईनं दोन्ही हात पाठीमागं धरले.

"तिला सांग, चूक तुझी होती," मीनल हळूच म्हणाली.

अख्खा वर्ग माझ्याकडं बघत होता. मी खाली बघून वायरी गुंडाळायला लागलो.

सहा वर्षांच्या पोरीची माफी मागायला एवढी छाती लागते का, तुम्हीच सांगा. मी पिशवी उचलली, बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.