भाजीची तुला

माझी मैत्रीण अंगणवाडीतून निवृत्त होणार म्हटल्यावर आम्ही बायका सत्काराचं बोलू लागलो, तर तिनं आधीच बजावलं, "शाल-नारळ आणला तर मी यायची न्हाई. घरात शालींचा गठ्ठा पडलाय. अन् आपल्याकडं शाल पांघरण्यासारखी थंडी पडते कुठं?"

तिचं खरं होतं. गावासाठी भांडता भांडता तिला इतक्या शाली मिळाल्या होत्या, की तिच्या लेकींनी त्यांच्या गोधड्या शिवून घेतल्या. शिवून मीच दिल्या. बाजारपेठेच्या कडेला माझं शिलाईचं दुकान आहे, मागच्या अंगाला घर.

आमची मैत्री त्या घरामुळेच झाली. आमच्या गावाला मोठा आठवडी बाजार भरतो. वाटूरकडच्या खेड्यांतून बायका दिवस उगवायच्या आत टोपल्या घेऊन येतात आणि अंधार पडेपर्यंत बसतात. तेव्हा बाजारात बाईमाणसाला जायला आडोसा म्हणून नव्हता. ओळखीच्या बायका माझ्या घरी यायच्या. बाकीच्या सकाळपासून पाणीच पीत नसत. एका उन्हाळ्यात भेंडी विकणारी एक बाई चक्कर येऊन पडली. माझी मैत्रीण तिथंच भाजी घेत होती. तिनं आणि मी मिळून तिला उचलून माझ्या घरात आणलं, तोंडावर पाणी मारलं. शुद्धीवर आल्यावर ती बाई म्हणाली, "पाणी न्हाई पेले बाई सकाळधरनं. पेले तर जाऊ कुठं?"

मैत्रीण चहा पिऊन निघाली. दुसऱ्या दिवशी अंगणवाडी सुटल्याबरोबर ती ग्रामपंचायतीत गेली, आणि मग जातच राहिली. सरपंच गोड बोलायचे. "होईल ताई, करून राह्यलोच ना आपण," म्हणायचे. तिला चहा पाजायचे. असे दोन पावसाळे गेले.

शेवटी तिनं भाजीवाल्या बायकांना माझ्या दुकानात बोलावलं. कुणी म्हणाली मोर्चा काढू, कुणी म्हणाली बाजार बंद ठेवू. ती म्हणाली, "बाजार बंद ठेवला तर आपलीच चूल बंद. धंदा करायचा, पण जागा बदलायची."

त्या बाजारच्या दिवशी सगळ्या बायकांनी ग्रामपंचायतीच्या ओसरीत पोती अंथरली. दारापासून पायऱ्यांपर्यंत मेथी, वांगी, गवार, मिरच्या. गिऱ्हाईक तिथंच आलं. आत सरपंचांची बैठक चालू होती आणि बाहेर "पावशेर द्या, बराबर तोला" चाललं होतं. सरपंचांना बाहेर पडायला वाट उरली नाही. ते दारात उभे राहून म्हणाले, "ताई, हे काय लावलंय?"

"बाजार," ती म्हणाली. "इथं बरं वाटतं बायकांना. तुमच्या आत संडास हाय, पाण्याचा नळ हाय. बिलकुल अडचण न्हाई."

गर्दीत हसू फुटलं. सरपंचही हसले, पण कान लाल झाले होते. पुढच्या उन्हाळ्याआधी बाजारात बायकांच्या संडासाचं बांधकाम उभं राहिलं.

फीत कापली, पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप. म्हणे घाण होईल, म्हणून किल्ली शिपायाकडे. शिपाई बाजारच्या दिवशी नेमका रानात. मैत्रीण या वेळी भांडायला गेली नाही. ती सरपंचांच्या घरी गेली, त्यांच्या आईकडे. त्या म्हातारबाई स्वतः शेतातली कोथिंबीर घेऊन बाजारात बसायच्या. मुलगा सरपंच झाला तरी त्यांनी बसणं सोडलं नव्हतं. काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. पण पुढच्या बाजारी सरपंच चार माणसांत उभे असताना म्हातारबाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि सरळ म्हणाल्या, "आरं, कुलूप काढ. मला जायाचंय."

कुलूप निघालं ते निघालंच. झाडलोट बायकांनी आपसांत वाटून घेतली, ती अजून चालू आहे.

हे एक झालं. रेशनचं धान्य, पोरींच्या शाळेची एसटी, नवरा गेल्यावर शेत बाईच्या नावावर करणं, यासाठी तिनं अंबडच्या आणि परतूरच्या कचेऱ्यांत किती चकरा मारल्या, त्याला गणती नाही. पण बाजारातल्या बायकांना ती आपली वाटायची ती त्या ओसरीपासून. म्हणून सत्कारही त्यांनीच ठरवला. शाल नको ना, मग तुला करू. भाजीची.

आडतीवरचा जुना मोठा तराजू बाजारात टांगला. मैत्रीण बघूनच मागं सरली. "माझं वजन साऱ्या गावाला कळवायची काय गरज हाय?"

"तू आमचं वजन दर महिन्याला लेकरांसंगट करीत होतीस की," एक तरणी बाई म्हणाली. "मंग आता बस."

ती बसली. दुसऱ्या पारड्यात बायकांनी आपापल्या टोपल्यांतून भाजी टाकायला सुरुवात केली. मेथी, पालक, शेपू. पारडं हलेना. "मेथीनं उचलायची न्हाई ही, भोपळे आणा," कुणीतरी ओरडलं. त्या वेळचे सरपंच आता पिकल्या केसांचे झालेत. त्यांनी शेतातला एक भलामोठा भोपळा दोन्ही हातांनी आणून ठेवला आणि माइक घेऊन म्हणाले, "या ताईनं मला लई तरास दिला. पण माझी मायच तिच्या पार्टीत गेल्ती, मी काय करणार?"

बाजार हसून हसून लोळला. मैत्रीण तराजूत झुलत होती, डोळे पुसत होती आणि तोलणाऱ्याला दटावत होती, "दांडी धरू नको, सोड बराबर."

तिला बोलायला सांगितलं तर एवढंच म्हणाली, "मी दमले आता. दुपारी झोपणार हाय. पुढचं तुम्ही बघा." मग त्या सगळ्या भाज्या चिरून एकाच कढईत शिजवल्या, भाकरी थापल्या. चव चमत्कारिक झाली होती. तरी कढईत काही उरलं नाही.

त्यानंतर आठवड्याभरात ती माझ्या दुकानात आली आणि म्हणाली, "चल, अंबडला जाऊ. देवीला."

"अन् काम कोणतं?"

"काहीच न्हाई. आजवर किती डाव गेले, दर वेळी तहसीलच्या दारातूनच माघारी आले. देवीच्या डोंगरावर काय चढले न्हाई."

आम्ही गेलो. पायऱ्या चढताना दोनदा बसलो, दर्शन घेतलं, खाली येऊन गरम जिलेबी खाल्ली. परतीच्या एसटीत तिला खिडकी मिळाली. एरवी या गाडीत ती पूर्ण वाट उद्या कुणाला भेटायचं तेच बोलत असे. आज तिनं बसल्याबरोबर काच सरकवली. थोडं पुढं गेल्यावर म्हणाली, "या रस्त्याला इतकी कडूलिंबाची झाडं हायत होय गं?"

मी म्हटलं, "पहिल्यापासूनच हायत."

"असं," ती म्हणाली आणि काच आणखी सरकवून बाहेर बघत बसली.